टेपांवरचं कुंकू

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. आमच्या जुन्नरच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. वडील सकाळी शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात समाज बदलायचे. त्यामुळे कपाटात, माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागे, सगळीकडे गठ्ठे. 'बंधुभगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला शब्द. त्यानं माझं कायमचं नुकसान केलं. आजही मी बोलायला लागले की आधी परिस्थिती सांगते, मग तीन मुद्दे, मग आवाहन. आमटीत मीठ कमी पडलं तर 'याला जबाबदार कोण?' असं विचारणारी मी एकटीच मुलगी आळीत असेन. आई म्हणायची, "जबाबदार मी. वरून घे."

पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून परत आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. पिंपळवंडीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, एका संस्थेचं मेंढीपालनाचं केंद्र होतं. मेंढ्यांची जात सुधारायची, त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या कळपांच्या नोंदी ठेवायच्या, असं काम. दोन हजार साल येणार, जुन्या मशीनांच्या तारखा चुकणार म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं जुनं युनिक्सचं मशीन काढून टाकलं होतं, ते केंद्राला दान मिळालं होतं. हिरव्या अक्षरांचे दोन टर्मिनल, एक टेप ड्राइव्ह, आणि टेपांचा खोका. मला तिथे नोकरी लागली. मी घरी सांगितलं, "मी ग्रामीण भागात विज्ञान नेते आहे." वास्तविक मी रोज साडेनऊच्या एसटीनं डबा नेत होते.

विज्ञान तिथे माझ्याआधीच पोचलं होतं. नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांना सगळे भाऊ म्हणत; पन्नाशीचे, मेंढपाळाच्या घरातले, सातवीपर्यंत शिकलेले. कोण्या इंजिनिअरनं दोन दिवसांत शिकवलेल्या सात कमांड त्यांना पाठ होत्या आणि आठवी कमांड असते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तिचं वजन, तिला झालेली कोकरं, सगळं ते एका बोटानं टाइप करत. दर पाचव्या तिथीला चहा झाला की टेप घालून बॅकअप घेत. पंचमी, दशमी, पौर्णिमा, मग वद्य पंचमी, वद्य दशमी. अमावास्येला नाही. टेपेवर पेननं तिथी लिहायची आणि कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवायचं.

ते कुंकू मी पाहिलं आणि माझ्यातलं पत्रक जागं झालं.

"भाऊ, हे काय आहे?"

"टेपा."

"हे लाल काय आहे?"

"कुंकू हाय ताई. ते असं की..."

"मला कारणं नकोत," मी म्हणाले. हे वाक्य मी पुढे अनेक रात्री आठवलं आहे. त्यानंतर मी जे बोलले त्यात परिस्थिती होती, तीन मुद्दे होते आणि आवाहन होतं. भाऊंनी ते सगळं जत्रेतला कर्णा ऐकावा तसं ऐकलं, म्हणजे ऐकत ऐकत दुसरं काम केलं.

आषाढ लागला त्या दिवशी ते रजेवर होते. मी दवाखान्याच्या खोलीतून स्पिरिट आणि कापूस आणला, खोक्यातल्या सगळ्या टेपांवरचं कुंकू पुसून काढलं. चांगलं चोळून. स्पिरिट लाल होऊन कार्ट्रिजच्या फटीत उतरलं ते मला दिसलं, पण क्रांतीत थोडं सांडतंच. मग तिथ्या खोडून तारखा लिहायला बसले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान उलटलं, तिथे ज्येष्ठातल्या तिथ्या सापडल्या, त्यांच्यापुढच्या तारखा लिहीत गेले. तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक तिथीच्या दोन टेपा आहेत. दोन ज्येष्ठ शुद्ध पंचम्या, दोन दशम्या, दोन पौर्णिमा. मी मनाशी म्हटलं, बघा, नियोजनाचा अभाव. एकेक टेप डुप्लिकेट म्हणून वेगळी काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

आमच्या घरात पंचांग नव्हतं आणि मला त्याचा अभिमान होता. कॅलेंडरचं आणखी एक पान उलटलं असतं तर दिसलं असतं की त्या वर्षी ज्येष्ठ दोनदा आला होता. आधी अधिक, ज्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, आणि मग खरा.

ड्रॉवरमधल्या एका टेपेवर मी माझं स्वतःचं लिखाण उतरवून ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच मशीनवर 'श्रद्धेच्या नावाखाली' असं एक मोठं पत्रक लिहीत होते, चाळीस पानं झाली होती. मशीनचा खाजगी वापर हा मुद्दा मला तेव्हा सुचला नाही. इतरांच्या बाबतीत सुचला असता.

आणि नवीन बॅकअप? तो मी थांबवला होता. आधी धोरण लिहायचं, मग अंमलबजावणी, असं मी ठरवलं. धोरणाची नऊ पानं झाली होती.

सहाव्या दिवशी दुपारी वीज गेली. बॅटरी नावाला होती, तीही गेली. वीज आल्यावर मशीननं डिस्क तपासायला घेतली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. अमुक नोंद बिघडली आहे, काढून टाकू? हो किंवा नाही. मी वाचायला हवं होतं. पण मी निर्णय घेणारी बाई. हो. हो. हो. दहाबारा वेळा हो म्हटल्यावर मशीन सुरू झालं, आणि सगळ्या कळपांच्या वजनांची फाइल नव्हती.

आता मावशींबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यावर येऊन पडलं.

मावशी आंबेगावकडच्या धनगरीण. पाचसहा पिढ्या मेंढरं. पावसाळ्यात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाडाचा तळ, निमगाव सावाच्या बाजूला कोरड्या रानात असायचा, दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरून कोकणात, पुन्हा उन्हाळ्याच्या शेवटी वर. तीन वर्षं त्यांनी, कोकणातल्या मुक्कामातही, मेंढरं काट्यावर चढवू दिली होती, कानात बिल्ले मारू दिले होते. आठ दिवसांनी पुण्याहून समिती येणार होती. एक कळप निवडायचा होता, पैदाशीचा मूळ कळप म्हणून. निवडलेल्या कळपाला केंद्राच्या शेजारची जमीन, पाणी, चारा. म्हणजे कोकणात जायचं नाही. मावशींची मुलगी दहावीत गेली होती. दरवर्षी दिवाळीनंतर तिची शाळा सुटायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी वर आल्यावर ती शेजारणीच्या वह्या उतरवून मागाहून परीक्षेला बसायची. दहावीच्या परीक्षेला तसं बसता येत नाही. वाडा एका जागी राहिला तर पोरगी शाळेत राहणार, नाहीतर कोकणात. इतकं सरळ होतं ते.

समिती बघणार होती ती वाढ. माघात किती, चैत्रात किती, वटपौर्णिमेनंतर किती. मावशींच्या मेंढरांची वटपौर्णिमेनंतरची वजनं चांगली आली होती हे भाऊंना आठवत होतं. किती, ते कुणालाच आठवत नव्हतं. वजनाच्या चिठ्ठ्या टाइप झाल्यावर रद्दीत जात.

"टेप हाय की," भाऊ म्हणाले. ते घाबरले नव्हते. म्हणून मीही घाबरले नाही.

मी सर्वांत ताज्या तारखेची टेप घातली आणि फायली परत काढल्या. थेट मूळ जागेवर. शहाणा माणूस आधी टेपेत काय आहे त्याची यादी वाचतो, मग फायली वेगळ्या डिरेक्टरीत काढून बघतो, मग मूळ जागी ठेवतो. माझ्या धोरणाच्या सहाव्या पानावर हे लिहिलं होतं. टेप फिरली, नावं सरकली, काम झाल्याचा प्रॉम्प्ट आला. मी खुर्ची मागे ढकलली आणि भाऊंना म्हटलं, "याला म्हणतात व्यवस्था."

भाऊ चष्मा लावून स्क्रीनजवळ गेले.

"ताई, वटपुनवंनंतर जल्मलेली कोकरं कुठं गेली?"

"म्हणजे?"

"कोकरं न्हाईत. वजनं चैत्रातली हायती. ही लई जुनी टेप हाय."

जी कोकरांची फाइल वीज जाऊनही शाबूत राहिली होती, तिच्यावर मी महिनाभर जुनी फाइल चढवली होती. मी म्हटलं, तारीख तर बरोबर आहे. भाऊंनी टेप बाहेर काढली, उलटीपालटी केली.

"हिच्यावर कुंकू व्हतं का?"

मी पुसताना बघितलंच नव्हतं.

"धोंड्याच्या महिन्यात शुभकार्य करत न्हाईत," ते सावकाश म्हणाले, जसं लहान मुलाला सांगतात. "मंग टेपंला कुंकू कसं लावणार? म्हणून धोंड्यातल्या टेपा कोऱ्या. खऱ्या ज्येष्ठातल्या टेपांना कुंकू. लांबून बघितलं तरी कळतं. मी सांगत व्हतो, तुमी म्हनला कारणं नकोत."

भाऊंनी टेप टेबलावर ठेवली. त्यांनी रागवायला हवं होतं, मला उत्तर देता आलं असतं.

मग आम्ही ड्रॉवर उपसला. वटपौर्णिमेनंतरची वजनं असलेल्या टेपा दोनच असू शकत होत्या, खऱ्या ज्येष्ठातली वद्य पंचमी आणि वद्य दशमी. खोक्यातली वद्य पंचमी धोंड्याची निघाली, म्हणून ड्रॉवरमधली घातली. या वेळी आधी यादी वाचली. टेपेत एकच फाइल होती, श्रद्धेच्या नावाखाली, चाळीस पानं.

"ह्ये काय हाय?" भाऊंनी विचारलं.

"माझं लिखाण आहे."

"मेंढरांवर?"

"नाही."

"बरं."

राहिली वद्य दशमी. ती घातली, ड्राइव्ह दोनदा कण्हला आणि स्क्रीनवर वाचता येत नसल्याचा संदेश आला. पुन्हा घातली, पुन्हा तेच. मला रडू येत होतं, पण आमच्या घरी रडण्याला व्यक्तिवाद म्हणत. भाऊंनी टॉर्च आणला, ड्राइव्हच्या तोंडात मारला. वाचणाऱ्या हेडवर लालसर साय धरली होती. मी चोळलेलं कुंकू स्पिरिटबरोबर टेपेत उतरलं होतं आणि टेपेबरोबर हेडवर. भाऊंनी लावलेल्या बोटानं वर्षभरात काही झालं नव्हतं.

त्याच वेळी मावशी आल्या. वजनं ऐकायला आल्या होत्या, समितीच्या आधी एकदा ऐकून ठेवावीत म्हणून. भाऊंनी त्यांना दारातच वजनं गेल्याचं सांगितलं. मी आतून ऐकत होते. भाऊ म्हणाले, "मशीन बिघडलं." माझं नाव घेतलं नाही. मी बाहेर आले आणि म्हणाले, "मशीन नाही. मी. टेपांवरचं कुंकू मी पुसलं." यात मोठेपणा नव्हता. पत्रकांची सवय, जबाबदार कोण हे सांगितल्याशिवाय परिच्छेद संपत नाही.

मावशींनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं.

"कपाळाचं तुझं तू बघ. टेपांचं कशाला पुसलंस?"

मी आत गेले आणि कापूस शोधायला लागले.

पुढचे दोन दिवस मी काडीला कापूस गुंडाळून हेड पुसत होते. एकदा पुसणं, सुकू देणं, टेप घालणं. टेप आधी नुसती टोकापर्यंत ताणून परत गुंडाळायची असते, म्हणजे ती सैल पडलेली असली तर सरळ होते. ती ताणली. मग वाचायला लागली, एका जागी अडली. परत पुसलं, परत अडली, त्याच जागी. पुण्याला माझ्या शिक्षकांना एसटीडी बूथवरून फोन केला. ते म्हणाले, जिथे अडते तो तुकडा गाळून पुढे वाच, एक कमांड आहे. आठवी कमांड. भाऊंनी ती वहीत उतरवून घेतली, पण पेन्सिलनं.

सगळं एका रिकाम्या डिरेक्टरीत काढलं. कोकरं आली, सगळीच्या सगळी. वजनंही आली. गाळलेला तुकडा नेमका मावशींच्या कळपात पडला होता. एकतीस मेंढ्यांच्या वटपौर्णिमेनंतरच्या वजनांच्या जागी कचरा होता.

समितीला दोन दिवस होते. आणि आता जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण न सांगता हे लिहिण्यात अर्थ नाही. मी त्या एकतीस मेंढ्यांची माघातली आणि चैत्रातली वजनं घेतली, सरासरी वाढ काढली आणि पुढचं वजन भरून टाकलं. स्वतःला समजावलं की हा खोटेपणा नसून अनुमान आहे, अनुमान हे विज्ञानाचं साधन आहे, आणि एका श्रमिक स्त्रीच्या मुलीचं शिक्षण हे कोरड्या आकड्यांपेक्षा मोठं आहे. तीन मुद्दे झाले.

प्रिंटआउट काढला. मावशी अंगणात उकिडव्या बसल्या, भाऊ बिल्ल्याचे नंबर आणि वजनं वाचू लागले. मावशींना लिहिता वाचता येत नव्हतं, पण कुठला नंबर कुठल्या कानात हे पाठ होतं. पहिल्या दहाबाराला त्या मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "थांब. ती लंगडी ना? काळ्या डोक्याची?"

"व्हय."

"ती वाढली?"

"दीड किलो," भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"ती चैत्रापासनं खंगलीय. तिचं कोकरू गेलं. पुढं वाच."

भाऊंनी पुढं वाचलं. मावशी हसायला लागल्या. मोठ्यानं नाही, पोटातल्या पोटात.

"लई ग्वाड वाढत्यात गं. असली सारखी वाढणारी चार मेंढरं मला बी दे की पोरी."

मी म्हणाले, "मावशी, तुमच्या मुलीच्या शाळेसाठी..."

"माझ्या पोरीचं मला सांगू नगं." हसू गेलं होतं. "समितीचं लोक मेंढरं बघणार हायती. लंगडीला हात लावला की त्यांना कळंल. मंग खोटं कोण ठरंल? तू व्हय? तू पगार घेऊन घरी जाशील. खोटी धनगरीण ठरंल. पुढं धा वरसं कोण माझा शब्द घेईल?"

मी आत जाऊन ते एकतीस आकडे पुसले. मग त्या जागी टीप लिहायला बसले. पहिला मसुदा असा होता: 'तांत्रिक कारणास्तव काही नोंदी उपलब्ध नाहीत.' भाऊंनी मागून वाचलं.

"तांत्रिक म्हंजे कोण, ताई?"

अशा वाक्यांवर मी सरकारी कचेऱ्यांना सोलून काढणारी पत्रकं लिहिली होती. खोडलं. लिहिलं: 'या एकतीस नोंदी माझ्या चुकीने गेल्या. कळपाच्या मालकिणीचा किंवा नोंदी ठेवणाऱ्यांचा यात दोष नाही.' खाली सही. आयुष्यात मी लिहिलेलं सर्वांत छोटं पत्रक.

समितीत तिघे होते. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मेंढरं पाहिली, दात पाहिले, लोकर चिमटीत धरून पाहिली, लंगडीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग कागद वाचला.

"यातली 'मी' कोण?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"काय केलंत?"

मी सांगितलं. कुंकवाशी आल्यावर मागे उभे असलेले दोघे खोकायला लागले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "कळप सगळ्यांत चांगला हाच आहे. पण मधली वजनं नसलेला कळप मी आज निवडू शकत नाही. दिवाळीपर्यंत दर महिन्याला वजन करा, सगळ्या मेंढ्यांचं. वाढ टिकली तर हाच. नाही टिकली तर दुसरा बघू."

मावशींनी माझे आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. हातात आलेली जागा चार महिने लांबली होती ती माझ्यामुळे. त्या एवढंच म्हणाल्या, "काटा तू धरायचा."

तर श्रावणापासून दर महिन्याला मी आणि भाऊ निमगाव सावाच्या रानात. मेंढी उचलून काट्याच्या झोळीत घालायची असते हे ऐकायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात मी दोनदा चिखलात बसले आणि एकदा मेंढीनं माझ्यावरून उडी मारली. मावशींची मुलगी रविवारी असायची, ती आकडे लिहून घ्यायची आणि माझ्याकडे बघून ओठ दाबून धरायची. परत आल्यावर मी बॅकअप घ्यायचे, दर पाचव्या तिथीला, आणि घेतलेली टेप लगेच दुसऱ्या डिरेक्टरीत परत काढून बघायचे. नऊ पानांचं धोरण मी भाऊंच्या सांगण्यावरून त्यांना दिलं. त्यांनी ते खिडकीच्या फटीत घातलं, पावसाचं पाणी आत यायचं थांबलं.

भाद्रपदात पाऊस लांबला आणि वजनं घसरली. सगळ्यांचीच. त्या महिन्याचे आकडे मी आहेत तसे घातले. आश्विनात सावरली आणि पुन्हा वाढायला लागली. दिवाळीच्या आधी डॉक्टर एकटेच आले, टर्मिनलसमोर बसून तासभर आकडे वाचले, दोन कप चहा घेतला. भाद्रपदातली घसरण बघून त्यांनी म्हटलं, "हे खरं दिसतंय." मी म्हटलं, खरंच आहे. ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतोय." मावशींचा कळप निवडला गेला.

दिवाळी झाली आणि बाकीचे वाडे निघाले. पिंपळवंडीच्या रस्त्यानं एका सकाळी तीन बिऱ्हाडं गेली, घोड्यांवर गोधड्या, भांडी, वर कोंबड्या, लहान पोरं. मावशी केंद्राच्या कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. जाणाऱ्या बायका ओरडून काहीबाही म्हणत होत्या, एक म्हणाली, "बस आता बंगल्यात." मावशींनी हात केला. शेवटचं घोडं वळणाआड गेलं तरी त्या हलल्या नाहीत.

"कोकणात आता लई ग्वाड हवा असती," त्या म्हणाल्या.

मी कधी गेले नव्हते. त्यांची मेंढरं कुंपणाच्या आत रस्त्याकडे तोंड करून ओरडत होती.

मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "ए पोरी, जरा शाळंपर्यंत जाऊन बघ. ती वर्गात हाय का. न्हायतर गेली असंल घोड्यांच्या मागं पळत."

मी भाऊंची सायकल घेतली आणि गेले. ती वर्गात होती, तिसऱ्या बाकावर. फळ्यावर गणित होतं, आणि ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती.